बांगड्या भरतानाचा आवाज

पूर्णा,
२ नोव्हेंबर २०२५

नुसरत,

सिनेमातल्या त्या आईचं नाव काय होतं? परवा तुझ्या अम्मीनं मला हे विचारलं आणि मला सांगता आलं नाही. त्या सिनेमाची संहिता मी चार वेळा वाचली आहे. तिच्यात स्टेशनातल्या चहावाल्याला नाव आहे, मोठ्या साहेबाच्या कुत्र्यालाही आहे. ती बाई मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती ‘हमीदची आई’ आहे. असं का, तेही मला माहीत नाही. तेव्हा मी विचारलं नव्हतं.

तू माझा फोन घ्यायचं बंद केल्याला आज एकोणीस दिवस झाले. मेसेजही जात नाहीत. म्हणून हे पत्र तुझ्या हैदराबादच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर पाठवते आहे. तो पत्ता तुझ्या अम्मीनं दिला. कशाला हवा, असं तिनं विचारलं नाही.

तू सिनेमा कुठपर्यंत पाहिलास ते मला कळलेलं नाही. बहुतेक त्या प्रसंगापर्यंत. आई मुलाच्या मनगटावर ते यंत्र बांधते, ज्यानं पुढं स्टेशनात स्फोट होणार असतो. मुलगा थरथरतो. आई त्याचा हात मांडीवर घेते, बोटं चोळून मऊ करते आणि म्हणते, “हात ढीला छोड, बेटा. डर नक्को. अब्बी हो जाता.”

हे तुझ्या अम्मीचं, आम्हा सगळ्यांच्या खालाचं बोलणं आहे. पूर्णेतल्या निम्म्या बायकांनी ते तिच्या तोंडून ऐकलंय, हातात हिरवा चुडा चढत असताना. शब्द तेच, ‘नक्को’वरचा जोर तोच, मधला तो छोटा श्वासही तोच. त्या नटीनं फार मेहनत घेतली असणार.

कसं झालं ते सांगते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी बोलीवर प्रकल्प केला होता, त्यासाठी खाला बांगड्या भरताना तिची रेकॉर्डिंग केली होती, तुला आठवत असेल. सिनेमाच्या कंपनीनं भाषा साहाय्यक म्हणून मला घेतलं तेव्हा इथल्या बोलीचे नमुने मागितले. मी सगळा गठ्ठाच पाठवून दिला. त्यातलं त्यांनी काय उचललं, कुठं वापरलं, हे मला पडद्यावरच कळलं.

इथलं सांगते. गेल्या आठवड्यात दत्तरावांच्या भक्तीच्या लग्नाचा चुडा होता. खाला पेटारा घेऊन गेली. नवरीचा हात हातात घेतला आणि सवयीनं ते वाक्य बोलली. पोरी खिदळल्या. एकजण म्हणाली, “खाला, आमच्या भक्तीला उडवून देतीस का काय?” सगळ्या हसल्या, भक्तीही हसली, हात हलला आणि बांगडी वाढली. थोडं रक्त आलं. कुणी वाईट मनानं बोललं नव्हतं. भक्तीच्या आईनं खालाला चहा दिला, पोरींना रागावली. पण संध्याकाळी हळद-कुंकवाच्या बायकांना बांगड्या भरायला मानवतहून दुसरी बाई बोलावली.

हे मला माझ्या आईनं सांगितलं.  खालानं मला फक्त सिनेमातल्या त्या आईचं नाव विचारलं.

विहारात तेवीस तारखेला माझा सत्कार ठेवलाय. बाबांनी तीनदा सांगितलं म्हणून लिहिते.

साक्षी

पूर्णा,
१० नोव्हेंबर २०२५

नुसरत,

उत्तर येईल असं धरून मी आठवडाभर दुपारच्या टपालाची वाट पाहिली. आता धरत नाही. तरी लिहिते, कारण या गावात मी ज्यांच्याशी बोलते त्यातल्या कुणालाच ही गोष्ट मुळापासून माहीत नाही. तुला आहे.

आपण दोघी तुझ्या भावाच्या मोबाइलवर हेरांचे सिनेमे बघायचो. पहिल्या दहा मिनिटांत आपली पैज लागायची. तुझ्या बाजूचा एक जण डोळ्यांत सुरमा घालून बंदूक साफ करत असणार, आणि दुसरा चांगला असणार, देशासाठी मध्यंतराच्या आत मरणार. तू म्हणायचीस, “मेल्याशिवाय आमच्यावर कुणी भरोसाच ठेवत न्हाई बघ.” मी म्हणायचे, तुम्ही निदान दिसता तरी. आमच्याकडचं तर कुणीच नसतं. ना हेर, ना साहेब, ना चोर. फलाटावर झाडणारी बाई असते, ती नायकाच्या मागं धूसर दिसते.

ती धूसर बाई मी घरी रोज बघते. माझी आई स्टेशनातलं प्रतीक्षालय झाडते. कोण कुठल्या गाडीनं आलं, कोण कुणाची पिशवी घेऊन उतरलं, कोणता नवरा-बायको खरे नवरा-बायको नाहीत, सगळं तिला ठाऊक असतं, आणि तिच्याकडं कुणी मान वर करून बघत नाही. कंपनीनं घेतलेल्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. खरा हेर असा असेल, मी म्हणाले. गोरापान, गॉगल लावून परदेशातल्या पुलावरून पळणारा नाही. सिनेमा लिहिणाऱ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तिथून त्यांची नायिका झाली. गँगमनची मुलगी, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली, गुप्तचर खात्यातली अधिकारी. मी नाव सुचवलं संघमित्रा. त्यांनी मित्रा केलं, देशभर चालेल म्हणून. आडनाव ठेवलं नाही, त्यानं प्रेक्षकांचं लक्ष दुसरीकडं जातं म्हणाले. आता लोक तिला बंगाली समजतात. पण ती काळी आहे, नुसरत. माझ्याएवढी. पोस्टरवर सुद्धा.

आमच्या घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला. मित्रा वेश पालटून फलाट झाडते तेव्हा आई म्हणाली, “झाडणी कशी धरलीय बाई हिनं. अशानं कंबर राहती का?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “लय धिटाईनं बघती सगळ्याकडं. आमी असं बघितलं तर ठेकेदार म्हणंल, काय हरवलं का सुलाबाई.”  शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा बाबांनी धाकट्या बालाजीला थांबवायला सांगितलं. पडद्यावर ‘भाषा साहाय्य : साक्षी सिताराम खंदारे’ असं उभं राहिलं. बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि ‘सिताराम’वर बोट ठेवून उभे राहिले. छत्तीस वर्षं ते रुळावर काम करतात. त्यांचं नाव हजेरीपटाबाहेर कुठं छापलेलं मी पाहिलं नव्हतं.

हे सगळं इतकं लिहिलं, कारण पुढचं लिहायचं टाळत होते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. गठ्ठा पाठवला नव्हता. त्या प्रसंगासाठी त्यांचं वेगळं पत्र आलं होतं: आई प्रेमानं बोलते आहे, पण हातात भयंकर काम आहे, असा इथला सूर हवा. माझ्याकडं खालाची सतरा रेकॉर्डिंग होती. मी दोन दिवस ऐकत बसले. मग त्यातलं एक निवडलं आणि सोबत लिहिलं, ‘हा सूर नेमका बसेल.’ बसला.

कुठं वापरणार ते मला माहीत होतं. मित्राचं पात्र तेव्हा डळमळत होतं. ही मुलगी कोण बघणार, तिच्या जागी दिल्लीची नायिका घेऊ, असं कुणीतरी वर म्हणत होतं. मी उपयोगाची आहे हे मला दाखवायचं होतं. मित्रा राहिली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. आणि खालाला मी कधी विचारलंच नाही. रेकॉर्डिंग करताना ‘कॉलेजचं काम आहे’ म्हणाले होते. तेवढ्यावर ती तीन तास बोलली होती.

तुला हे आधीच कळलं होतं. म्हणूनच तू भांडली नाहीस, नुसता फोन बंद केलास.

साक्षी

पूर्णा,
१७ नोव्हेंबर २०२५

नुसरत,

काल खालाला सगळं सांगायचं ठरवून तुमच्या दुकानात गेले होते. दुकानात कुणी नव्हतं. खाला बांगड्या रंगांप्रमाणे लावून डझनांच्या माळा ओवत बसली होती. मला स्टूल दिलं. मी सांगायचं सोडून हात पुढं केला आणि म्हणाले, भरून दे.

तिनं माझा हात मांडीवर घेतला, अंगठा आत दाबला, बोटं चोळली. आणि नुसरत, ती एक शब्द बोलली नाही. पहिली बांगडी वाढली. दुसरी चढली. तिसरी वाढली. मी तिला लहानपणापासून बघते आहे, तिच्या हातून माझी बांगडी कधी वाढलेली नाही. आता मला कळलं, ते बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. त्यानं हात सैल पडायचा. मुक्या बाईच्या हातात कुणाचा हात सैल पडणार?

मी विचारलं, गप्प का भरायलीस? ती म्हणाली, “बोली तो हँसते ना, बेटा.”

मी बांगड्या घालून घरी आले. सांगितलं नाही. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

घरी आले तर कंपनीचं पत्र आलेलं. दुसरा भाग करायचा ठरलाय. या वेळी मी नुसती भाषा साहाय्यक नाही, सहलेखिका. मुंबईत यायचं, सहा महिने तिथंच राहायचं. मॅडमनी मोठ्या आनंदानं लिहिलंय की या भागात मित्राचं घर दाखवणार, भिंतीवर बुद्धाची तसबीर असणार, आई-वडील बोलणार, आडनावसुद्धा असणार. ‘तुम्ही ज्यासाठी भांडलात ते सगळं मिळालं,’ असं लिहिलंय. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “झाडणी नीट धरायला शिकव म्हणावं तिला आता.” बाबांनी मुंबईच्या गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून माझ्या उशाशी ठेवल्या.

पुढची पानं मी एकटीनं वाचली. दुसऱ्या भागात हमीदची बहीण आहे. ती हैदराबादच्या दवाखान्यात नर्स आहे. हसरी, कामाला वाघ, सगळ्यांची लाडकी. ती मित्राची बालमैत्रीण असते. आणि तीच एका जखमी अधिकाऱ्याला सुई टोचून मारते. समासात माझ्यासाठी टीप आहे: ‘ती कशी बोलते, कशी हसते, ते साक्षी देईल.’

तुझ्याबद्दल मीच सांगितलं होतं. कंपनीच्या ऑफिसात एका दुपारी सगळे जेवायला बसले होते, घरची आठवण येते का म्हणून कुणी विचारलं, आणि मी तुझी गोष्ट सांगितली. बारावीला आपण एकाच पुस्तकावर अभ्यास केला, तू नर्सिंगला गेलीस, पहिल्या पगारातून मला मोबाइल पाठवलास. ज्यावर मी खालाचं रेकॉर्डिंग केलं, तोच.

मी मॅडमना फोन केला. म्हणाले, नर्सचं बदलता येईल का. त्या रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं. म्हणाल्या, “साक्षी, एका सिनेमात सगळ्यांना न्याय देता येत नाही. यावेळी तुमची पाळी आहे. ती घ्या.”

मी दिवसभर यावर विचार करते आहे. पाळी म्हणजे काय? कुणाला तरी नेहमी त्या सुईपाशी उभं करावंच लागतं, आणि आपण फक्त तिथं आपण नाही एवढं बघायचं? मी मित्रासाठी जे मागत होते ते हे नव्हतं. पण मी जे केलं ते हेच होतं. तीस तारखेपर्यंत त्यांना होकार हवाय. घरात कुणालाही त्या नर्सचं मी काही सांगितलेलं नाही. आई भांडी घासते, बाबा रेडिओ लावतात, बालाजी मित्रांना फोनवर माझं नाव सांगतो, आणि मी त्यांच्यात बसून असते.

साक्षी

पूर्णा,
२५ नोव्हेंबर २०२५

नुसरत,

हे शेवटचं पत्र. तुला त्रास द्यायचा नाही, पण पुढं काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं असं वाटलं.

रविवारी सकाळी, सत्काराच्या आधी, मी तुमच्या घरी गेले. दुकानात नाही, घरी. खाला भाजी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठलं रेकॉर्डिंग, कधी पाठवलं, सोबत काय लिहिलं. दुसऱ्या भागाचंही सांगितलं. तिनं मधे थांबवलं नाही. मग म्हणाली, “मेरे को पूछी होती तो मैं ना नहीं बोलती थी. बस इत्ता पूछती थी, वो औरत कर क्या रही उसमें.” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.   तिनं बस म्हटलं नाही. मी निघाले.

विहारात वंदना झाली. गल्लीतली सगळी आली होती, आईच्या कामावरच्या बायकाही. आश्रुबा आजोबांनी भाषण केलं. आपल्या समाजाची मुलगी पडद्यावर बंदूक घेऊन उभी राहिली ती आपल्या साक्षीमुळं, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. बाबांना पुढं बोलावून त्यांच्याच हातानं मला शाल घातली. बाबांनी नवा सदरा घातला होता, घडीच्या खुणा तशाच होत्या.

मग मला बोलायला सांगितलं. मी जे घरी लिहून नेलं होतं तेच वाचलं, नाहीतर धीर झाला नसता. वाचलं की मित्रा आपली आहे, मला तिचा अभिमान आहे. आणि तिच्यासमोर जी आई उभी केलीय तिचा आवाज आपल्या मेहरूनखालाचा आहे. आपल्या प्रत्येकीच्या लग्नात त्या आवाजानं चुडा भरलाय. तो मी तिला न विचारता दिला आणि कशासाठी चाललाय ते माहीत असून दिला. खालाला बघून जे हसतात त्यांनी मला हसावं.

 पहिल्यांदा आश्रुबा आजोबाच म्हणाले, “पोरी, इतक्या वर्षांनी आपलं कुणीतरी दिसलं. ते तर नीट बघू दे आमाला. हे आजच काढायचं होतं का?” त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मागून बायनाबाई, आईसोबत स्टेशनात काम करतात त्या, म्हणाल्या, “मंग तिला विचारलं का न्हाईस गं?”

मी म्हणाले, “विचारलं असतं तर ती न्हाई म्हणंल, असं वाटलं.”

“मंजे तुला कळत होतं.”

“हो.”

बायनाबाई खाली बसल्या. खिचडी वाढली, लोक जेवले, निघून गेले. बाबा घरापर्यंत माझ्या पुढं चालत होते. घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि कामाला गेले, खरं तर त्यांची सुट्टी होती. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात, पण जेवलीस का, दार लावलं का, एवढंच. आई काल सकाळी कामावर जाताना तुमच्या दुकानात गेली होती. आल्यावर तिच्या हातात चार नव्या बांगड्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं तेव्हा ती म्हणाली, “खाला बोलली. भरताना थोडं थोडं बोलली.” काय, ते सांगितलं नाही.

काल दुपारी मी कंपनीला लिहिलं. दुसरा भाग मी लिहिणार नाही. त्या नर्सची बोली आणि तिचं हसू माझ्याकडून मिळणार नाही, आणि पहिल्या भागातून माझं नाव काढावं. मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं, की नाव आता काढता येत नाही, आणि मित्राचं घर आता दुसरं कुणीतरी लिहील. कोण लिहील, कसं लिहील, मला माहीत नाही. तसबीर भिंतीवर कुठं लावतात हे तरी त्यांनी कुणाला विचारावं. रात्रभर मला त्याचंच वाईट वाटत होतं, हेही खरं आहे.

आज सकाळी खाला स्वतः आमच्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, “मेरी आवाज अब्बी बी तेरे पास हाय क्या?” मी फोन आणला, लॅपटॉप आणला, कॉलेजसाठी पेनड्राइव्हवर केलेली प्रत कपाटातून काढली. उंबऱ्यावर बसून तिच्यासमोर एक एक रेकॉर्डिंग पुसायला लागले. ती प्रत्येक वेळी वाकून बघत होती, खरंच गेलं का ते.

सोळा गेली. सतराव्यात तू आहेस. खाला कुणाला तरी बांगड्या भरते आहे, मागून तू चहा घेऊन येतेस, मी रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून गप्प राहायची खूण करते आणि तू त्यानंच जास्त हसतेस. गेला महिनाभर मी रोज ते ऐकत होते. तुझा दुसरा कुठलाच आवाज माझ्याकडं नाही. तेवढं एक ठेवू का, असं विचारावंसं वाटलं. खालानं कदाचित हो म्हटलंही असतं. पण तिला तसं विचारणं मला पुन्हा मागणं वाटलं, आणि मी तेही तिच्यासमोर पुसून टाकलं.

साक्षी